महाळुंगाची साक्ष

१

"तोताराम! अरे तोताराम, पळत ये! माझी झाडं कुणीतरी सोलली रे!"

लीलाधर आबांचा आवाज तसा देवळातल्या घंटेसारखा, पण त्या सकाळी तो फाटला होता. मी माझ्या बागेतलं पाणी तसंच वाहतं सोडून बांध ओलांडला.

आमचं मांडवखेडे गिरणेच्या काठी, भडगाव तालुक्यात. मोसंबीचं गाव. आबांचा विहिरीकडचा मळा म्हणजे गावाची शान. तिथली कलमं नवी, ऐन फळावर आलेली. त्या सकाळी मी पाहिलं ते असं: विहिरीजवळच्या ओळींतल्या प्रत्येक झाडाची बुंध्याजवळची साल तडकली होती. तिच्या चिंध्या लोंबत होत्या. मधून डिंक गळत होता. ती झाडं आधीपासूनच जरा खुजी, पानं पिवळट; पण आजवर कुणी तिकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. मळ्याच्या दुसऱ्या टोकाची झाडं मात्र हिरवीगार, फळांनी वाकलेली.

"अ‍ॅसिड," आबा म्हणाले. "नाहीतर तणनाशक. बुंध्याशी ओतलंय कुणीतरी."

तेवढ्यात नवीन आला. नवीन म्हणजे आमच्या गावचा रोपवाटिकावाला; ही कलमं त्यानेच बाहेरून आणून विकलेली. त्याने खाली बसून साल बघितली आणि हळूच म्हणाला, "आबा, नाव घेऊ नये. पण गेल्या छाटणीला भांडून कोण गेलं?"

नाव घ्यायची गरजच नव्हती. मोतीलाल. बुद्धविहाराच्या गल्लीत राहणारा, पंचक्रोशीतला सगळ्यात चांगला छाटणीवाला. आबांच्या मळ्यात छाटणी करताना कुठल्या फांद्या ठेवायच्या यावरून त्याचा आणि आबांचा चारचौघांत वाद झाला होता. आबांनी त्याला नको ते ऐकवलं होतं, आणि जाताना तो म्हणाला होता, "उद्या झाडं बसली तर मला बोलवू नका."

तासाभरात गाव जमलं. मोतीलालला बोलावणं गेलं. तो आला, झाडं बघितली, आणि त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याच्याच घरातलं कुणी गेलं.

"मी हात लावला नाही, आबा."

"मग कुणी लावला? देवाने?" आबा ओरडले. "मी पोलिसांत जातो."

आता मी देवभोळा माणूस. टाळ वाजवावा, कीर्तनाला पुढच्या रांगेत बसावं, बुवांनी रडवलं की रडावं, एवढंच मला येतं. पण त्या घटकेला तोंडातून निघून गेलं, "आबा, एकदा नाव लागलं की पुसत नाही. आखाजीपर्यंत थांबा. तोवर खरं काय ते शोधू."

आबांनी माझ्याकडे बघितलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून तीन-चार महिने लांब होती; पण आमची लहानपणापासूनची मैत्री. "ठीक. आखाजीपर्यंत. पण तोवर हा कुणाच्या बागेत पाय ठेवणार नाही. आणि दुसरा कुणी सापडला नाही, तर तक्रार होणार, आणि या गावात त्याची धार पुन्हा चालणार नाही."

धारेवरच ज्याचं घर चालतं त्याला हे सांगणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. जाताना मोतीलाल माझ्यापाशी थांबला.

"तोताराम भाऊ, मुदत तुम्ही मागितली. आता शोधणार कोण?"

२

शोधणारी मला ठाऊक होती, ही त्या विठ्ठलाचीच कृपा. भडगावच्या शेतकरी मेळाव्यात मी डॉ. समीक्षा यांचं बोलणं ऐकलं होतं. धुळ्याला देवपुरात राहतात, झाडांचे रोग शिकवतात. बोलतात अशा की वाटावं, बुवा निरूपण करताहेत, फक्त वीणा तेवढी नाही.

फोन केला, तर चौथ्या दिवशी एसटीने हजर. मी मोटारसायकलवर बसवून मळ्यात नेलं. आबा हाताची घडी घालून उभे, नवीन त्यांच्या मागे.

बाईंनी सोललेली साल बघितलीच नाही. त्या गुडघ्यावर बसल्या आणि साल सुटायची जिथे थांबली होती, तिथे भिंग लावलं. एक झाड, दुसरं झाड, पुढचं, त्याच्या पुढचं. मग हसल्या.

"आबा, तुमचं अ‍ॅसिड फार शहाणं दिसतंय."

"म्हणजे?"

"इथे हात लावा. हा फुगवटा लागतो का? हा कलमाचा जोड. याच्याखाली खुंट आहे रंगपूर लिंबाचा, याच्यावर मोसंबी. साल बरोबर या जोडापर्यंत सुटलीय. एक बोटही वर नाही. प्रत्येक झाडाला तसंच. अ‍ॅसिड ओतणाऱ्याचा हात कुठे वर जाईल, कुठे खाली. आणि ओतलेलं पाणी काय जोड बघून थांबतं?"

आबांनी वाकून दोन-तीन झाडं चाचपली. घडी सुटली.

"मग?"

"बाहेरून कुणी ओतलं नाही. कुणीतरी आत शिरलंय. आणि त्याचं वैर फक्त खालच्या रंगपुराशी आहे. वरच्या मोसंबीला तो त्रास देत नाही."

नवीन पटकन म्हणाला, "बुरशी असेल. जास्त पाणी झालं की डिंक्या होतोच."

"डिंक्या सालीला सडवतो. ही साल सडलेली नाही, कोरडी होऊन सुटलीय. आणि पाणी सगळ्या मळ्याला एकाच विहिरीचं ना?" त्या उठल्या, हातांची माती झटकली, आणि बांधापलीकडे बघत राहिल्या.

पलीकडे आबांच्या धाकट्या भावाचा हिस्सा. भाऊ वारला, आता त्याची बायको बेबाबाई बघते. तिची झाडं उंच, गोल, काळीभोर.

"ती कलमं कुणाची?"

"तीही माझीच," नवीन म्हणाला. "एकाच गाडीतून उतरवलेली."

"खुंट?"

"रंगपूरच. गावात रंगपुरावरची कलमं या दोनच मळ्यांत. बाकी सगळं गाव जुन्या जंभेरी लिंबाच्या खुंटावर आहे."

"आणि तिथे छाटणी कोण करतं?"

आबा बांधाकडे बघत म्हणाले, "मोतीलालच."

बाईंनी भिंग पिशवीत टाकलं. "तेच झाड, तोच खुंट, तीच विहीर, तोच हात. मग तिथला चोर गेला कुठे?"

३

बेबाबाई खळ्यावर कपाशीच्या पळकाट्या रचत होती. आबांना बघून पदर डोक्यावर घेतला, पण बोलायला कमी केलं नाही.

"या, या. मना मळामा कोन्ही मरेल दिसना नही म्हनीसन दखाले उनात का?"

आबा तोंड फिरवून बांधाच्या अलीकडेच थांबले. दोघांचं बांधावरून जुनं वाकडं. बेबाबाईच्या ओट्याखाली तणनाशकाचा एक रिकामा डबा होता, तो नवीनने बरोबर हेरला.

"हे काय, काकू?"

"डबा शे. डोया नहीत का तुले? बांधवर हराळी माजेल व्हती, मीच मारनं. आनि हाऊ दख तठे, मनी हराळी जळेल शे, मना आबानं एक पान तरी जळेल शे का?"

खरंच, बांधावरची हराळी वाळून कोळसा झाली होती आणि तिला लागून असलेलं आबांचं झाड तसंच पिवळट पण जिवंत. बाईंनी मान हलवली. "तणनाशक आधी पान जाळतं. डब्याला सोडा. बेबाअक्का, तुमच्या मळ्यात असं काय होतं जे आबांच्या मळ्यात होत नाही?"

बेबाबाई विचारात पडली. "काही नही, बाई. खत तेच, पानी तेच. तो बठ्ठा थाटमाट करस, माले कोन करू देस?"

"कसला थाट?"

"खांडेनवमीना. थोरली मोसंबीनी पूजा." ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "मी बिनकुकवानी बाई. माले तठे कोन बलावस? मालक व्हतात तवय ही कलमं नव्हतीत. कलमं उनीत आनि मालक गयात."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही आपली गावातली रीत, हिचा झाडाच्या रोगाशी काय संबंध? म्हणून मी विषय बदलायला म्हटलं, "मोतीलालकडे जायचं ना?"

"जायचंच. पण वाटेत मला ती पूजा नीट सांगा. काही गाळू नका."

मी सांगितलं. गावातली पहिली मोसंबी आबांच्या आजोबांनी देवळाच्या आवारात लावली. तिला आम्ही थोरली मोसंबी म्हणतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, सगळे बागाईतदार आपापली कोयती घेऊन तिच्याखाली जमतात. हळदकुंकू, नारळ, आणि मग प्रत्येकाने तिच्या एका फांदीला एक लहानसा काप द्यायचा. तो पहिला काप. आबा घराण्याचे म्हणून त्यांचा मान पहिला आणि मोठा.

"मग?"

"मग काय, दसऱ्याला तीच कोयती आपल्या बागेत फिरवायची. वर्षाची छाटणी तिनेच सुरू."

"मधे धुता?"

"छे, बाई! पूजलेली धार पुसायची नाही. तिच्यावर थोरलीचा रस असतो ना, तोच तर आशीर्वाद."

बाई वाटेतच उभ्या राहिल्या. "तोताराम भाऊ," त्या हळू म्हणाल्या, "आता मोतीलालना मी काही विचारणार आहे. तुम्ही मधे बोलू नका."

४

मोतीलालच्या दारात त्याची बायको द्रौपदाबाई धान्य पाखडत होती. आबांना तिने बघितलं आणि सूप खाली ठेवलं नाही.

"आबा, आते काय पंचनामा कराले उनात? घरमा या, डबा शोधा, अ‍ॅसिड शोधा. चहा मातर मी देवाव नही."

"द्रौपदे," मोतीलाल म्हणाला.

"द्रौपदे काय? चार-पाच दिनफाईन घरमा बशेल शे मानूस!"

बाई पायरीवरच बसल्या. "मोतीलाल भाऊ, बेबाअक्कांच्या मळ्यात तुम्ही कशाने छाटता?"

"माझ्या कात्रीने. ती फक्त तिथेच चालते; बाकी सगळे आपापली पूजलेली कोयतीच हातात देतात."

"आणि आबांच्या?"

"आबांच्या कोयतीने. माझी कात्री आबा चालू देत नाहीत. म्हणतात, आमच्या मळ्यात आमची पूजलेली कोयती." त्याने आबांकडे बघितलं नाही. "भांडण त्यावरूनही होतं. कोयतीने फांदी सोलते, कात्रीने साफ कापते. मी म्हटलं तर म्हणाले, तू पूजेला येत नाहीस, तुला त्यातलं काय कळणार."

"तुम्ही येत नाही?"

"आम्ही बौद्ध, बाई. हात जोडतो लांबून, गावाचं झाड म्हणून. पण काप देत नाही."

"म्हणजे तुमची कात्री थोरल्या मोसंबीला कधी लागलीच नाही."

"कधीच नाही."

"आणि आबांच्या मळ्यात छाटणी कुठून सुरू होते?"

"विहिरीपासून. दसऱ्याला पहिली ओळ, मग पुढे."

द्रौपदाबाईचं सूप थांबलं. आजारी झाडं विहिरीकडची, निरोगी दुसऱ्या टोकाची. हे मला तेव्हा आठवलं; टोकाला पोचेपर्यंत धारेवरचा रस पुसून जात असणार.

आबांना माझ्या आधी कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्हांला काय म्हणायचंय? थोरली? माझ्या आजोबांनी लावलेली? देवाच्या दारातलं झाड माझी बाग मारतं?"

"मला ते झाड बघू द्या," समीक्षाबाई म्हणाल्या.

५

थोरली मोसंबी देवळाच्या भिंतीला टेकून उभी आहे. साल गुळगुळीत, पानं चकचकीत, वयाच्या मानाने फळंही भरपूर. बाईंनी बुंध्याला हात लावून बघितला. खुंट जुना, जंभेरीचा. कुठे एक तडा नाही.

नवीन मोठ्याने हसला. "हे आजारी? मग आपण सगळे अतिदक्षतेत!"

मागे जमलेले लोक हसले. आबाही. मग नवीन जरा मागे सरून म्हणाला, अगदी ऐकू जाईल इतकंच हळू, "शेवटी मॅडम आपल्याच माणसाची बाजू घेणार. त्यांचं आडनाव बघितलं का?"

मला वाटलं, जमीन फाटावी. बाईंनी ऐकलं होतं. त्या वळल्या, आवाज जराही न चढवता.

"नवीनभाऊ, बरं झालं बोललात. तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्या शब्दावर कुणी जायचंच नाही. साक्षीदार माणूस नकोच. साक्षीदार झाड आणू. महाळुंग."

देवळाचे पुजारी रुपचंदबुवा म्हणाले, "देवीच्या हातात असतं ते?"

"तेच. जाड सालीचं, मोठ्या लिंबासारखं. मोसंबी आणि जंभेरी ज्याला पोटात लपवतात, त्याला महाळुंग लपवू शकत नाही. त्याचा स्पर्श झाला की पानं खाली वळतात. ते ना तुमच्या जातीचं, ना माझ्या."

पुढच्या आठवड्यात त्या धुळ्याहून तीन कुंड्या घेऊन आल्या. तिन्हींत महाळुंगाची सारखी रोपं. गाव पुन्हा देवळाशी जमलं.

"आता मी हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "आबा, तुम्हीच करा. एक रोप: तुमची कोयती थोरलीला लावा आणि त्याच धारेने रोपाच्या खोडाला बारीक चिरे द्या. दुसरं: मोतीलालच्या कात्रीने चिरे. तिसरं: कोयती थोरलीला लावा, मग या ब्लीचच्या पाण्यात बुडवून धुवा, मग चिरे. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. कोणता दोरा कशाचा, ते फक्त तुम्हांला ठाऊक. मला सांगू नका. कुणालाच सांगू नका."

"आणि मोतीलालच्या कात्रीवर काही लावलेलं असलं तर?" आबांनी विचारलं.

"मग तेही दिसेल."

आबा देवळामागे गेले. बराच वेळ लागला. परतले तेव्हा एका कुंडीला लाल दोरा, एकीला पांढरा, एकीला पिवळा.

"किती दिवसांत कळेल?" मी विचारलं.

"याला ऊन आवडतं. उकाडा जितका जास्त, तितका हा लवकर बोलतो."

मी मनातल्या मनात आमच्या खानदेशच्या उन्हाळ्याला पहिल्यांदाच नमस्कार केला.

कुंड्या धुळ्याला गेल्या. गावाने मात्र निकाल आधीच लावला होता. होळी आली, मोतीलालला कुणी बोलावलं नाही. द्रौपदाबाई रोजाने कांदे काढायला जाऊ लागली. एक बेबाबाईच उठली आणि भर चौकात म्हणाली, "मना मळामा मोतीलालच येल. कोनले काय करनं ते करा." आणि तिने खरंच त्याला बोलावलं. आबांनी ऐकलं, दात आवळले, पण बांध ओलांडून गेले नाहीत.

आखाजीच्या दोन दिवस आधी बाईंचा फोन आला. "तोताराम भाऊ, एका कुंडीची पानं वळली. एकाच. पण दोऱ्याचा अर्थ फक्त आबांना माहीत आहे. आणि मला जराशी भीती वाटते."

"कशाची?"

"आबांनी खोटं सांगायचं ठरवलं, तर मी काहीच करू शकत नाही."

६

आखाजीच्या दिवशी आमच्याकडे झोके बांधतात, मुली गाणी म्हणतात, घरोघर सांजोऱ्या. त्या दिवशी झोक्यांवर कुणीच नव्हतं. सगळे देवळाशी.

बाईंनी कुंड्यांवरचं कापड काढलं. पांढऱ्या दोऱ्याचं रोप सरळ. पिवळ्या दोऱ्याचं सरळ. लाल दोऱ्याच्या रोपाची पानं देठापासून खाली मुरडलेली, मधली शीर तपकिरी, जणू कुणी पिरगाळून ठेवलीत. म्हातारी भिकुबाई पुटपुटली, "देवा रे."

"आबा," बाई म्हणाल्या, "लाल दोरा कशाचा?"

आबा उठले. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो. एक शब्द, 'कात्री', एवढं म्हटलं की त्यांची थोरली वाचली, आजोबा वाचले, मान वाचला; आणि मोतीलाल कायमचा बुडाला. खोटं ठरवणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. नवीन त्यांच्या कानाशी लागून काहीतरी म्हणालाही.

आबांनी नवीनला हाताने बाजूला केलं.

"लाल दोरा माझ्या कोयतीचा," ते म्हणाले. "थोरलीला लावून, न धुता. पांढरा कात्रीचा. पिवळा धुतलेल्या कोयतीचा." मग लाल दोऱ्याकडे बोट करून, "चोर माझ्या हातातून गेला माझ्या मळ्यात. मीच नेला. दर दसऱ्याला."

मी आजवर पुष्कळ कीर्तनं ऐकली. डोळे पुसायला उपरणं लागलं नाही असं एकही नसेल. पण त्या दोन वाक्यांसारखं निरूपण मी ऐकलेलं नाही, आणि ते ऐकवल्याबद्दल मी त्या पांडुरंगाचा ऋणी आहे.

"पण तो आहे तरी कोण?" रुपचंदबुवांनी विचारलं. "किडा? विषाणू?"

"विषाणूपेक्षाही धाकटा. व्हायरॉइड म्हणतात त्याला." बाई माझ्याकडे वळल्या. "तोताराम भाऊ टाळकरी आहेत ना, त्यांच्याच भाषेत सांगते. विषाणूला निदान अंगरखा असतो, स्वतःची थोडी शिदोरी असते. याच्याकडे काहीच नाही. ना अंगरखा, ना स्वतःचं काही बनवायची कृती. फक्त एक बारीकसा धागा, आणि त्याची दोन्ही टोकं जुळून झालेला गोल. समजा कीर्तनात एक परका माणूस येऊन टाळकऱ्यांत बसला. त्याला अभंग येत नाही, वीणा नाही, फक्त एक ओळ येते, जिचा शेवट पुन्हा सुरुवातीलाच मिळतो. त्याने ती सुरू केली आणि टाळकऱ्यांनी सवयीने धरली. आता काय होईल?"

"थांबणारच नाही," मी म्हटलं.

"तेच. पेशीच्या आत नकला उतरवणारी यंत्रणा असते, ती झाडाच्या कामाची. ती या गोलावरून फिरत राहते आणि एकापुढे एक नकला जोडलेली लांब दोरी निघते. मग तिचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याची टोकं जुळतात, की झाला नवा गोल. राबतं झाड, वाढतो हा."

"पण मारतो कसा? त्याच्याकडे विषही नाही म्हणता."

"झाड त्याला ओळखतं आणि तोडायला धावतं. आमचा समज असा, की ते तोडलेले बारीक तुकडे झाडाच्या स्वतःच्या निरोपांना जाऊन चिकटतात आणि ते निरोपच बंद पडतात. सालीला वाढायचा निरोप मिळत नाही. सगळं अजून उलगडलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण रंगपुरात हे होतं, जंभेरीत आणि मोसंबीत होत नाही. तिथे तो ओळ गुणगुणत गुपचूप बसतो. म्हणून तुमच्या सगळ्या गावात तो असेल, आणि कुणाला पत्ता नाही. आबांनी पहिल्यांदा रंगपूर लावला, तेव्हा तो दिसला. कोयतीवर वाळलेल्या रसात तो दिवसचे दिवस टिकतो. आबांच्या झाडांच्या सालींचे नमुने मी तपासणीलाही पाठवले होते, तिथूनही हेच आलं."

नवीन खाली मान घालून उभा होता. मग बाईंसमोर गेला. "मॅडम, त्या दिवशी मी जे बोललो..."

"तुम्ही बोललात म्हणून मी दोऱ्यांचा विचार केला," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी स्वतःच चिरे दिले असते आणि आज कुणी मानलं नसतं. तुमचे आभार मानायला हवेत."

नवीनला ते शिवीपेक्षा जास्त लागलं असावं.

तेवढ्यात आबांच्या भावकीतला किरण कुऱ्हाड घेऊन आला. थोरलीकडे निघाला. "आबा, मुळासकट काढतो!"

"ए!" समीक्षाबाई ओरडल्या, त्या दिवशी पहिल्यांदाच. "ठेव ती! तिने काय केलं? तिला पाय नाहीत. हा वाऱ्याने उडत नाही, पाण्याने जात नाही. धारेने नेला तरच जातो, नाहीतर अशा झाडाचे डोळे कलमाला घेतले तर. पूजा करा, नारळ फोडा, हळद लावा. फक्त काप देऊ नका, आणि तिचे डोळे घेऊ नका. बागेत प्रत्येक झाडानंतर धार ब्लीचच्या पाण्यात बुडवा. झालं."

बेबाबाई मागे पदर सावरून उभी होती. रुपचंदबुवा तिला म्हणाले, "बेबाअक्का, येत्या खांडेनवमीला तुम्हीही यायचं. पहिलं कुंकू तुमच्या हाताने."

"आते बलावतस?" बेबाबाई म्हणाली. "नही बलावं म्हनीसन तर मना मळा वाचना!" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळं गाव मोकळेपणी हसलं. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "येसू. येसू रे बुवा."

आबा मात्र हसले नाहीत. ते गर्दीतून मोतीलालपाशी गेले. "मोतीलाल, मी तुला सगळ्यांसमोर बोललो. सगळ्यांसमोर सांगतो, तुझा काही दोष नव्हता. माझं चुकलं."

द्रौपदाबाईने मोतीलालला कोपराने ढोसलं, पण काय बोल म्हणून, ते कळलं नाही.

"ऐकलं, आबा," तो म्हणाला.

"मग उद्यापासून माझ्या मळ्यात ये. तुझीच कात्री घेऊन. कोणती झाडं काढायची, कोणती ठेवायची, तू ठरव."

"उद्या नाही."

आबांच्या कपाळावर जुनी आठी आली आणि तशीच विरली. "का?"

"उद्यापासून बेबाअक्कांकडे झाडांचे माजलेले पाणसोट छाटायचेत. त्यांनी मला बोलावलं तेव्हा कुणी बोलावत नव्हतं. त्यांचं झालं की नवीनभाऊंच्या रोपवाटिकेचं, त्यांनी मघाशीच विचारलंय. मग तुमचं."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत मी आबांच्या मळ्यातून माझ्या बागेकडे निघालो. बांधापलीकडे मोतीलाल शिडीवर होता, कात्रीची टकटक ऐकू येत होती. झाडाखाली ब्लीचच्या पाण्याची बादली, आणि बादलीशेजारी, बेबाबाईच्या मळ्यात, ज्या बांधावरून आबा कितीतरी वर्षं पलीकडे गेले नव्हते, त्या बांधाच्या पलीकडे, आबा उकिडवे बसले होते. एक झाड झालं की मोतीलाल न बघता हात खाली करी. आबा कात्री घेत, पाण्यात बुडवत, नीट धुवत, आणि पुन्हा वर देत.

"आबा, तुमचा नंबर अजून लांब आहे!" मी बांधावरून ओरडलो.

"माहितीय," आबा म्हणाले. "तोवर शिकतोय."